मान डोलावणारा उंदीर

कलकत्त्याबद्दल हळवं होऊन बोलणाऱ्या माणसांचा मला राग येतो. ट्राम, नदी, मिष्टी दोई, सकाळी अंगणात पडलेली शिउलीची फुलं. दोन दिवस पाहुणे म्हणून गेलेल्यांना हे सगळं सुचतं. मी तिथे तीन वर्षं काढली, अकरा ते चौदा या वयात, आणि मला सगळ्यात आधी आठवते ती ओल. पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर पांढरी बुरशी, चपलांवर हिरवी. संध्याकाळी आसपासच्या घरांतल्या कोळशाच्या शेगड्या पेटल्या की धूर वर जायचाच नाही, गल्लीत बसून राहायचा आणि आईने धुतलेल्या चादरींना चिकटायचा. भाद्रपदात पंख्याखाली बसूनही पाठीवरून घाम ओघळायचा. आम्हाला त्या शहराने बोलावलं नव्हतं, सरकारी कागदाने पाठवलं होतं, आणि शहराने ते आम्हाला कधी विसरू दिलं नाही.

पुन्हा तिथे पाय ठेवायचा नाही असं मी ठरवलं होतं. पण लेकीला न्यू टाउनमधल्या एका कंपनीत नोकरी लागली. चार वर्षं मी गुडघ्यांची सबब सांगून टाळलं, पाचव्या वर्षी तिने विमानाचं तिकीटच काढलं. तिच्या बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ओल नाही, धूर नाही, कलकत्ताही नाही. मी तिथे सुखाने पेपर वाचत बसले असते. पण गणपतीच्या आधी तिने तिच्या फोनवरचा एक फोटो मला दाखवला. इथल्या मराठी मंडळींचा ग्रुप आहे, त्यावर कुणीतरी टाकला होता. करड्या रंगाचा, पोट सुटलेला, एका कानाने किंचित वाकडा असा एक कापडी उंदीर, आणि खाली लिहिलं होतं, ‘कै. दामले काकूंचा लाडका उंदीर. आपल्या कित्येक गणपतींचा साक्षीदार.’

माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

“आई, उंदराच्या फोटोवर इतकी काय चिडतेस?” लेक म्हणाली.

“तो दामले काकूंचा नाही. माझा आहे. माझा आणि तुझ्या आजोबांचा.”

तिने माझ्याकडे पाहिलं आणि फोन बाजूला ठेवला. हल्ली ती मला समजावत नाही.

त्या उंदराची कातडी म्हणजे बाबांची हॅट. कलकत्त्याच्या आधी आम्ही सिमल्याला होतो आणि तिथे बाबांनी मोठ्या हौसेने करड्या फेल्टची हॅट घेतली होती. कलकत्त्याच्या उकाड्यात ती कोण घालणार? ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांबरोबर पडून होती. बाहेर काढली तेव्हा तिला बुरशी, डांबरगोळ्या आणि बाबांच्या खोबरेल तेलाचा मिळून एक वास येत होता. आईने चुलीवर पातेलं चढवलं आणि वाफेवर धरून ती हॅट सपाट केली. ओल्या फेल्टला भिजलेल्या कुत्र्याचा वास येतो. मला तो इतका आवडला की मी नाक खुपसून बसले आणि आईने माझ्या पाठीत धपाटा घातला.

फेल्ट कापलं तरी त्याचे धागे सुटत नाहीत. कात्री जिथून जाईल तिथे स्वच्छ कड राहते. मी कागदावर उंदीर काढला, दोन बाजू, पोटाची पट्टी, चार कान, कारण कान दुहेरी हवे होते. कडेने काळ्या दोऱ्याने काज्याचा टाका घातला. शेजारच्या बंगाली घरातून आईने शिमूलचा, म्हणजे सावरीचा, कापूस आणला, तो इतका हलका की पंखा बंद करून भरावा लागला, तरी आठवडाभर तो आमच्या भातात सापडत होता. डोळे म्हणजे आईच्या पोलक्याची काळी बटणं.

आतलं यंत्र बाबांचं. चांदणीच्या बाजारात जुन्या सुट्या भागांचे ढीग असत, तिथून त्यांनी अंगठ्याएवढी मोटर आणली. ती सहा व्होल्टवर चालायची, पण अशी सुसाट की उंदराची मान तुटून पडली असती. मग दोन रविवार आम्ही तिला हळू करण्यात घालवले. मोटरच्या दांड्यावर पेन्सिलीच्या जाडीची चकती, तिथून रबरबँड, रबरबँडने फिरणारं दोऱ्याचं रिकामं रीळ, रिळावर मध्यापासून जरा बाजूला ठोकलेला खिळा, आणि खिळ्यापासून उंदराच्या मानेपर्यंत सायकलच्या चाकाची एक तार. मान आईच्या केसांच्या आकड्यावर टांगलेली. रीळ फिरलं की खिळा वरखाली होई आणि उंदीर मान डोलवे. पहिल्यांदा डोलावली तेव्हा बाबा जमिनीवर पालथे पडून त्याच्या पोटाखाली बघत होते. त्यांनी वर पाहून मला विचारलं, “हो म्हणतोय का?”

“हो म्हणतोय,” मी म्हटलं.

माझे बाबा असे होते. ऑफिसात त्यांना कुणी विचारत नसे, घरी ते तारांशी बोलत. राळेच्या धुराने डोळे चुरचुरत, तरी मी त्यांच्या खांद्याला टेकून डाख देताना बघत बसे. त्या दोन महिन्यांत मी जितकी सुखी होते तितकी नंतर फार वेळा झाले नाही, हे मी आता कबूल करते, तेसुद्धा कलकत्त्यात.

उंदीर गणपतीसाठी होता. भवानीपूरमधल्या एका जुन्या घरात, पहिल्या मजल्यावरच्या लांबट हॉलमध्ये आमच्या मराठी मंडळाचा गणपती बसे. वरच्या मजल्यावर दामले काकू राहायच्या, शाळेत शिकवायच्या, आणि मंडळ म्हणजे दामले काकू हे सगळ्यांनी मुकाट्याने मान्य केलेलं होतं. त्यांचे आजोबा कलकत्त्याला आले होते. मंडळात दोन जाती होत्या. एक ‘इथले’, ज्यांच्या दोन-तीन पिढ्या तिथे गेल्या, आणि दुसरे आम्ही ‘बदलीवाले’. आम्ही सतरंज्या घालायच्या, नारळ फोडायचे, भजनाला माणसं कमी पडली तर बसायचं. आरास त्यांची. आमची नावं कुणी पाठ करायचे कष्ट घेत नसे, तीन वर्षांनी पुसायचीच तर लिहायची कशाला.

इथल्या बायका बदलीवाल्या पुरुषांशी थेट बोलत नसत. हा कुणी केलेला नियम नव्हता, पडलेली रीत होती. काही सांगायचं असलं की मुलांच्या हाती निरोप. ‘जा, तुझ्या बाबांना सांग, मखराला दोरा हवाय.’ बाबा दोन हात अंतरावर उभे असत, तरी निरोप माझ्यातून जाई. मी तीन वर्षं त्या मंडळाचं टपालखातं होते. दामले काकूंकडून निरोप आणायची त्यांची मुलगी, बुलू.

बुलू माझ्याच वयाची. मराठी मुलीला बुलू नाव, तिथेच माझं तिच्याबद्दलचं मत झालं होतं. ती ‘मी भात खाल्ली’ म्हणे आणि मी सगळ्यांसमोर हसे. ती मात्र बंगाली पोरींबरोबर गच्चीवर भराभर बोलत असे आणि मला त्यातलं अक्षर कळत नसे. त्या हसल्या की मला वाटे, माझ्यावरच हसताहेत. बहुधा हसतच असतील. मी तिला पाण्यात पाहत होते, आणि तीही काही कमी नव्हती. एकदा तिने माझ्या नव्या रिबिनीला गोंद लावला होता.

श्रावणात आराशीची बैठक झाली. बाबांनी कधी नव्हे ते तोंड उघडलं. म्हणाले, यंदा गणपतीच्या पायाशी मान डोलावणारा उंदीर ठेवू, मुलीने केलाय. दामले काकू त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुझ्या बाबांना म्हणावं, इथे कुंभारांकडून आणलेल्या मूर्ती मांडतात. खेळण्यांचं दुकान नाही हे. आणि हौस करणारी माणसं पुढल्या वर्षी कुठे असतील कुणास ठाऊक.” सगळे हसले. बाबाही हसले, ते मला जास्त लागलं. शेवटी कुणीतरी म्हातारे गृहस्थ मध्ये पडले आणि उंदराला परवानगी मिळाली.  घरी येताना ट्राममधून उतरता उतरता बाबा एवढंच म्हणाले, “चालला पाहिजे हं आता.”

आता तो चालण्यावर सगळं होतं. सेलवर उंदीर दोन तास डोले, मग पेंगायला लागे. गणपती पाच दिवसांचा, दिवसभर माणसं येणार. म्हणून बाबांनी घरची वीज सहा व्होल्टवर उतरवणारं यंत्र केलं. लाकडी पेटीत ट्रान्सफॉर्मर, चार डायोड. घरी आम्ही ते दोन अख्खे दिवस चालवून पाहिलं. पेटी हलकेच गुणगुणायची आणि उंदीर न थकता मान डोलवायचा. आई स्वयंपाकघरातून येता जाता त्याला काहीबाही विचारायची. “आमटीत मीठ पुरे?” हो. “भिंतीवरची बुरशी जाईल का?” हो.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी पताकांचं गाठोडं घेऊन त्या घराच्या जिन्यावर चढत होते. तो जिना कायम ओला असे, कठड्याला हात लावला की लाकडाचा कुजका वास हाताला लागे. मधल्या वळणावर बुलू उभी होती. हातात झाडू होता, कपाळावर घाम.

“तुझ्या बाबांना सांग,” ती म्हणाली. “तुमचं मशीन इथे लावायचं नाही. इथे डीसी लाइन आहे. जळेल. आई सांगितली.”

आज मला हे उभ्या उभ्या समजावून सांगता येईल. जुन्या कलकत्त्यातल्या काही वस्त्यांत तेव्हा घरात डीसी वीज येई. आमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये एसी होती. ट्रान्सफॉर्मरला एसीच लागते, डीसीवर तो नुसता तापतो आणि जळून जातो. इथल्यांना हे मुंजीच्या वयात ठाऊक असायचं. बदलून आलेला माणूस मात्र एकदा तरी काहीतरी जाळूनच शिकायचा, कुणी पुण्याहून आणलेला रेडिओ, कुणी रेकॉर्ड प्लेयर. आमची पाळी यायची होती. पण त्या जिन्यावर मला डीसी म्हणजे काय हे माहीत नव्हतं. मला एवढंच दिसलं की यांना आमचा उंदीर नको आहे. बैठकीत जमलं नाही म्हणून आता ही युक्ती.

“आई सांगितली,” मी तिचीच नक्कल केली आणि पुढे गेले.

बाबा हॉलमध्ये स्टुलावर चढून दिव्यांची माळ लावत होते. माझ्याकडे बघून हसले. निरोप माझ्या जिभेवर होता. मी सांगितला नाही. विसरले नाही, सांगितला नाही.

चतुर्थीच्या सकाळी हॉल माणसांनी भरला होता. दूर्वा, केवडा, घामेजलेल्या रेशमाचा वास, वर दोन जुने जाडजूड पंखे घरघरत होते. गणपतीच्या पायाशी माझा उंदीर, पुढे खरा मोदक. आरती सुरू होणार तेवढ्यात बाबांनी बटण दाबलं. उंदराने एकदा मान झटकली आणि तो थांबला. पेटी गुणगुणली नाही. घरी ती गुणगुणायची. बाबांना वाटलं, तार सुटली, म्हणून ते वाकून तारा चाचपायला लागले. आणि मग तो वास आला. तापलेल्या रोगणाचा, कडवट, घशात बसणारा. पेटीच्या फटींतून धूर निघाला, आराशीचा कागद तपकिरी होत मुडपला, उंदराची शेपूट धुमसली. कुणीतरी धावत जाऊन वायर ओढली, पण तोवर घराचा फ्यूज गेला होता. ते दोन जाड पंखे हळू हळू होत थांबले. टाळ हातात धरून सगळे उभे, आणि मध्ये माझे बाबा, गुडघ्यांवर.

दामले काकू पुढे आल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा त्या बाबांशी थेट बोलल्या. “मी निरोप पाठवला होता.”

“कुणाकडे?”

“बुलूने तुमच्या मुलीला सांगितलं काल.”

बाबांनी मान वर केली. त्यांच्या हाताला काजळी लागली होती. “तुला बुलू काही म्हणाली होती?” त्यांनी मला विचारलं, अगदी हळू.

“नाही,” मी म्हटलं.

दामले काकूंनी बुलूच्या थोबाडीत मारली. तो आवाज त्या हॉलमध्ये केवढा झाला. बुलू रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली. मग कुणीतरी आरती सुरू केली आणि सगळ्यांनी जरा जास्तच जोरात म्हटली.

उंदीर तिथेच राहिला, आमच्यापैकी कुणी तो मागायला गेलं नाही. बाबा त्यानंतर काही बनवायला बसले नाहीत. पुढच्या बदलीच्या वेळी त्यांचा स्क्रूंचा डबा, डाखाची सळई, राळ, सगळं त्यांनी भंगारवाल्याला दिलं. मी कधी विषय काढला तर म्हणत, “मीच विचारायला हवं होतं कुणालातरी.” शेवटच्या आजारपणातही एकदा म्हणाले. मी त्यांची उशी नीट केली. इतकी वर्षं मी दामले काकूंचा द्वेष केला तो जीव तोडून केला, त्यात खंड पडू दिला नाही. कलकत्त्याचाही केला. कुणावर तरी दोष टाकणं भागच होतं.

आणि आता म्हणे दामले काकूंचा लाडका उंदीर.

मी भवानीपूरला गेले ती भांडायलाच. घर उभं आहे. जिनाही तसाच, कठड्याला तोच वास. वरच्या मजल्यावर बुलूने दार उघडलं. केस पांढरे, चष्मा जाड, लग्न केलेलं नाही, शाळेतून निवृत्त. मी नाव सांगायच्या आत तिने ओळखलं. “ये,” म्हणाली. “चहात साखर अजून दोन चमचेच?”

“दोनच,” मी म्हटलं. तिच्या ते लक्षात होतं याचा मला रागच आला.

चहाचं आधण ठेवून तिने काचेचं कपाट उघडलं आणि उंदीर माझ्या हातात दिला. शेपूट नवी होती, वेगळ्या करड्या रंगाची, पण टाका काज्याचाच, माझ्यापेक्षा नीट. खाली एक पिवळी पडलेली चिठ्ठी चिकटवलेली, दामले काकूंच्या शाळामास्तरणीच्या अक्षरात. ‘फक्त सेलवर चालवावा. मूळ मालक बदलून गेले.’ मी ती दोनदा वाचली. बुलूने पोटाखालचं बटण दाबलं. आत रीळ फिरलं आणि उंदराने मान डोलावली. हो, हो, हो.

“दर वर्षी आई स्वतः सेल घालायची,” बुलू म्हणाली. तिचं मराठी आता माझ्याहून शुद्ध आहे. “मी जरा काही चुकले की म्हणायची, तू निरोप विसरलीस आणि वर खोटं बोललीस, तो माणूस किती चांगला होता. जाईपर्यंत म्हणत होती.” ती थांबली. “एक विचारू? मी तुला जिन्यावर सांगितलं होतं ना? मला अगदी आठवतं, हातात झाडू होता. पण इतकी वर्षं ऐकून ऐकून आता मलाच वाटतं, बहुतेक मी विसरलेच असेन.”

मला ‘आठवत नाही’ म्हणता आलं असतं. या वयात ते कुणीही खरं मानतं. उंदीर माझ्या मांडीवर मान डोलवत होता.

“सांगितलं होतंस,” मी म्हटलं. “मला नीट ऐकू आलं होतं.”

 खाली रस्त्यावर कुणीतरी बंगालीत कुणाला तरी हाका मारत होतं. मग बुलूने विचारलं, “काकांना सांगितलंस कधी?”

“नाही.”

“म्हणजे तेही तसेच गेले. आणि आईपण.”

तिने हात पुढे केला. मला वाटलं, माझा हात धरते आहे. तिने उंदीर उचलला, पोटाखालचं बटण बंद केलं, त्याची मान बोटाने सरळ केली, कपाटात ठेवला आणि किल्ली फिरवली. खरं सांगते, मला राग आला. तो उंदीर माझा होता, माझ्या बाबांच्या हॅटचा होता. 

“चहा आणते,” ती म्हणाली.

चहा तिने चांगल्या कपबशीतून आणला, बरोबर दोन बिस्किटं. त्यात साखर अजिबात नव्हती. ती समोर बसून बघत राहिली आणि मी तो सगळा प्यायले.